पलीकडचं पदक

टांकसाळीत सगळे त्यांना दाजी म्हणत. खरं तर ते एकट्या बारक्याचे दाजी. बारक्या म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी कोरीवकामाच्या खोलीत उभा राहून ओरडला, "दाजी, भिंग कुठाय?" आणि महिन्याभरात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे ते दाजी झाले. त्याआधी लोक त्यांना मास्तर म्हणत. नाण्यांचे नि पदकांचे ठसे कोरण्यात त्यांची हयात गेली होती, तेव्हा मास्तर हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. ते कधी गळून पडलं, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दाजींच्या मात्र आलं होतं.

बारक्याला टांकसाळीत चिकटवलं ते दाजींनीच. कोरणी कशी धरायची, पोलादाला किती दाब सोसतो, भिंगातून पाहताना दुसरा डोळा का मिटायचा नाही, सगळं हाताला हात धरून शिकवलं. बारक्या आता नावापुरताच बारका उरला होता, गळ्याखाली चांगला भरला होता. पण त्याच्या जाड बोटांतून अशी नाजूक रेघ उतरायची की पाहणारा श्वास रोखून धरायचा. दाजींचं काम पाहून लोक म्हणत, "चोख." बारक्याचं काम पाहून काहीच म्हणत नसत, नुसते बघत राहत. या दोहोंतला फरक दाजींइतका कुणालाच कळत नव्हता. दुखणं तेच होतं.

ते शहर एका मोठ्या नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी अलीकडच्या, टांकसाळीच्या काठावरचं सैन्य पूल ओलांडून गेलं आणि पलीकडचा मुलूख देशाला जोडला गेला. सरकार त्याला मीलन म्हणायचं. पलीकडचे लोक त्याला काहीच म्हणत नसत, नुसतं "ते वर्ष" म्हणत. तसं पाहिलं तर नदीच्या त्या काठावर उभं राहिलं की हाच काठ पलीकडचा होतो. पण सरकारच्या लेखी अलीकडचा काठ एकच होता. पलीकडच्यांच्या चौकात एक घड्याळाचा मनोरा होता. त्यांच्या जुन्या निशाणावर, पाट्यांवर, शाळेच्या बिल्ल्यांवर तोच असायचा. तो सुरुंगानं पाडला गेला आणि त्याचं चित्र काढायलाही कायद्यानं बंदी आली.

दाजींची बायको पलीकडची. लग्न प्रेमाचं. मुख्य कोरक्याची जागा रिकामी झाली तेव्हा दाजींचा क्रम पहिला होता, पण वरून विचारणा झाली, "याची सासुरवाडी कुठली?" आणि ती जागा रिकामीच ठेवली गेली. दाजींनी ते बायकोला कधी बोलून दाखवलं नाही. मनात मात्र जपून ठेवलं.

मीलनाच्या रौप्यमहोत्सवाचं पदक काढायचं ठरलं, तेव्हा दाजींनी दोन महिने खपून आराखडा केला. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन हात. साहेबांनी तो पाहिला, चष्मा काढला आणि पुसत बसले.

"दाजी, काम चोख आहे. वादच नाही."

"मग?"

"वरच्यांचं म्हणणं असं, की हे पदक पलीकडच्या हातानं व्हावं. म्हणजे तिकडच्यांना सांगता येईल, बघा, तुमच्याच माणसानं केलंय. बारक्याला द्यायचं ठरलंय."

दाजी म्हणाले, "बरं झालं. पोराला संधी मिळाली." आणि जिना उतरताना त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. बायको पलीकडची म्हणून जागा हुकली आणि आपण पलीकडचे नाही म्हणून पदक हुकलं! माणसानं जन्म घ्यायचा तरी कुठल्या काठावर?

बारक्यानं पदकाच्या मागच्या बाजूला पूल घेतला. खाली पाणी, पलीकडे घरांची रांग, कौलं, आणि कौलांच्या मागं एक बारीक उंच धुराडं. समितीला ते धुराडं फार आवडलं. प्रगतीचं लक्षण म्हणून त्यांनी टिपण लिहून मंजुरी दिली. प्लास्टरचा थाळीएवढा नमुना यंत्रावर लहान होऊन पोलादात उतरला. पदकावर जसा उठाव दिसतो तसाच या पोलादी नमुन्यावर असतो. मग त्यावर शेवटचा हात फिरवायचा, त्याला पाणी देऊन कडक करायचं, आणि तो दाबून खोलगट ठसा काढायचा. एकदा ठसा निघाला की बदल नाही.

शेवटचा हात बारक्यानं फिरवला होता. त्यावर राहिलेली पोलादाची कणी साफ करून तपासणी करायचं काम दाजींकडे आलं, कारण साहेबांनी बारक्याला पलीकडे धाडलं होतं. तिकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना समारंभात पदकं द्यायची होती आणि त्यांनी एकमुखानं नकार कळवला होता. त्या नकार देणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होते बारक्याचे वडील, म्हणजे दाजींचे सासरे. ते शाळामास्तर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. "तुझ्या बापाला तूच समजाव," साहेब म्हणाले होते.

दाजींनी भिंग डोळ्याला लावलं. पुलाच्या कमानी पाहिल्या, पाण्याच्या लाटा पाहिल्या. पाण्यात एक खोट सापडावी असं त्यांना फार वाटत होतं. सापडली नाही. मग नजर कौलांवरून वर चढली आणि थांबली.

धुराडं धुराडं राहिलं नव्हतं. बारक्यानं पोलादात त्याचं टोक निमुळतं केलं होतं, खाली एक केसाएवढा सज्जा कोरला होता, आणि मध्ये, टाचणीच्या टोकाएवढी, घड्याळाची तबकडी. नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नसतं. पण नखाला लागलं असतं.

दाजींनी भिंग खाली ठेवलं. आधी भीती वाटली. हे उघडकीला आलं तर बारक्या तुरुंगात, आणि तपासणीवर सही करणारे आपणही. मग भीती ओसरली आणि तिच्याखालून दुसरंच काहीतरी वर आलं. हे आपल्याला सुचलं नसतं. सुचलं असतं तरी धाडस झालं नसतं. आणि धाडस झालं असतं तरी इतकं सुरेख साधलं नसतं. सगळ्या पदकात जीव कुठं असेल तर तो त्या टाचणीच्या टोकावर होता.

नमुना कपाटात कुलूपबंद करून ते घरी आले. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. बारक्या पलीकडून परस्पर बहिणीकडे आला होता. दोघं त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी बोलत होती आणि बायको पदर तोंडाला लावून हसत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती दाजींपाशी तशी कधी हसली नव्हती. ती बोली दाजींना समजायची, पण अशी धावत सुटली की नाही. दाजी दारात दिसले आणि बोलणं तुटलं.

"काय चाललंय?"

"काही नाही हो," बायको म्हणाली. "चहा टाकू?"

"दाजी, काम फत्ते!" बारक्या म्हणाला. "अण्णा येणार. सगळेच येणार."

"कसे काय तयार झाले? परवापर्यंत तर पदक नदीत फेकू म्हणत होते."

"मी म्हटलं, काम माझं आहे. हातात घेऊन तरी बघा."

बायको पातेल्यात पाहत होती. तिच्या ओठांच्या कडेला हसू दडून बसलं होतं आणि ते तिला आवरत नव्हतं. दाजींनी ते पाहिलं आणि त्यांना उलगडलं. हिला मनोरा माहीत आहे. सासऱ्यांना माहीत आहे. पलीकडच्या त्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. ज्याच्या हाताखाली हा शिकला, ज्याच्या छपराखाली ही राहते, त्याला तेवढं सांगायचं नाही.

ते चहा घेत वाट पाहत राहिले. आत्ता सांगतील, मग सांगतील. बारक्यानं साहेबांच्या नकला केल्या, बायकोनं त्याला वाढलं, त्याला आवडते म्हणून साय वेगळी काढून ठेवलेली होती तीही दिली. जाताना बारक्या एवढंच म्हणाला, "दाजी, नमुन्याकडे जरा तुम्हीच बघा हं. तुमच्यासारखी सफाई मला कुठली जमायला!"

सफाई! दाजींच्या कानात तो शब्द तापल्या सळईसारखा शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नमुना चिमट्यात बसवला. खिडकीतून चांगला उजेड येत होता. शेजारच्या मेजावर दोघेजण गप्पा मारत नाण्यांच्या कडा तपासत होते. दाजींनी मनाशी वाक्य तयार ठेवलं होतं, "पोराचा जीव वाचवतोय." मग कोरणी आडवी धरली आणि मनोऱ्याच्या पायापासून सुरुवात केली. पोलाद लोण्यासारखं निघालं. वर गुळगुळीत आभाळ झालं, असं की तिथं कधी काही होतं हे कुणाला सांगूनही पटू नये. काम चोख झालं.

त्याच दुपारी नमुन्याला पाणी दिलं गेलं आणि ठसा निघाला.

पदकं छापायच्या खोलीकडे बारक्या फिरकलासुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं. आपण फार डोकावलो तर दुसरंही कुणी डोकावेल, असं त्याला वाटलं असणार. पदकं पहाऱ्यात छापली गेली आणि थेट डब्यांत बंद झाली.

समारंभ नगरभवनात झाला. पुढं मंत्री, मागं झेंडे, बाजूला बँड. पलीकडची वडीलधारी मंडळी धुतलेले कपडे घालून पहिल्या दोन रांगांत बसली होती. मंत्री भाषणात म्हणाले की आज नदी एका माणसाच्या दोन हातांमधून वाहते आहे. कुणाला काही कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. दाजी बायकोशेजारी बसले होते. तिनं त्यांचा हात धरला होता, आणि कधी नव्हे ते तिचा तळवा घामेजला होता.

पहिलं नाव अण्णांचं. म्हातारा काठी टेकत चढला, मान झुकवून पदक घेतलं आणि तिथंच, मंत्र्यांच्या समोर, ते उलटं केलं. डोळे अधू झालेले होते. त्यांनी अंगठ्याचं नख कौलांवरून वर सरकवलं. थांबले. पुन्हा सरकवलं. मग खाली बसलेल्या बारक्याकडे पाहिलं. बारक्या हसत होता. बाप का पाहतोय हे कळायला त्याला अंमळ वेळ लागला.

"हे आमचं नाही," अण्णा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण समोर ध्वनिक्षेपक होता. त्यांनी पदक मेजावर ठेवलं आणि उतरले.

दुसरं नाव एका बाईंचं; त्यांनी पदक घेतलं, नख फिरवलं, ठेवलं. तिसऱ्यांनीही. मंत्र्यांचं हसू कागदाच्या फुलासारखं तोंडावर तसंच राहिलं. बँडवाल्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि त्या गजरात एकामागून एक माणूस चढत गेला, पदक ठेवत गेला. शेवटी मेजावर पदकांचा ढीग झाला.

बायकोनं दाजींचा हात सोडला होता. "भ्याला," ती म्हणाली. "ऐन वेळी भ्याला माझा भाऊ. सगळ्यांना तोंडघशी पाडलं."



सरकारनं चौकशी केली, पण पदकावर आक्षेपार्ह असं काहीच नव्हतं; आवडतं धुराडं गायब झालंय हे समितीतल्या कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बारक्याला शिक्षा करायला कारण सापडेना, म्हणून त्याला बांधणीच्या खात्यात, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. पलीकडे तर त्याला उंबरा बंद झाला. अण्णांनी निरोप धाडला, "मला मुलगा नव्हता असं समजतो." आणि मुख्य कोरक्याची जागा दाजींना मिळाली. या वेळी सासुरवाडी कुठली हे कुणी विचारलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. साहेब म्हणाले, "शेवटी अनुभव तो अनुभव."

हुकूम हातात पडला त्या दिवशी बारक्या वर आला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"दाजी, तुम्ही काढलात ना?"

"तुझ्याच भल्यासाठी. पकडला गेला असतास."

बारक्या मेजावरची कोरणी उचलून तिची धार बोटावर पाहत राहिला. "नुसतं टोक उडवलं असतंत," तो म्हणाला, "तरी भागलं असतं. धुराडं उरलं असतं. समितीनं मंजूर केलेलंच होतं. आणि आमच्या लोकांनी त्या धुराड्यातही मनोरा ओळखला असता. तुम्ही पायापासून काढलात."

दाजींनी हुकुमाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"ताईला सांगू नका," बारक्या म्हणाला. "तिचा संसार आहे. माझं काय, मी बघेन." कोरणी त्यानं जागच्या जागी ठेवली, मूठ उजवीकडे करून, दाजींनी शिकवली होती तशी.

आणि दाजींना त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी जे वाटलं ते असं, की इथंही हाच मोठा ठरला.

बारक्यानं नोकरी सोडली आणि अलीकडच्याच काठावर, बाजाराच्या टोकाला, दारावरच्या पाट्या कोरायचं लहानसं दुकान टाकलं. घरात आता हवं तसं झालं होतं. बायको दाजींच्या मागंपुढं करायची. स्वयंपाकघरात कुणाचं हसणं नव्हतं. साय दाजींच्या ताटात पडू लागली. ती त्यांना कधीच आवडत नसे. आणि तरीही बाजारातून जाताना ते वाट वाकडी करून त्या दुकानासमोरून जात आणि काचेमागच्या पाट्या बघत. कुठल्या तरी डॉक्टरचं, कुठल्या तरी वकिलाचं नाव, पण अक्षरं अशी की जणू ती माणसं दाराशी येऊन उभी आहेत. वैभव दाजींचं, पद दाजींचं, आणि जळणारेही दाजीच.

एका दुपारी जेवताना बायको म्हणाली, "सख्ख्या भावाला मी ओळखलं नाही. तुम्ही निदान आतबाहेर एक आहात."

दाजींचा घास हातात राहिला. रागावली असती, रडली असती, तर ते गप्प बसले असते. पण हे कौतुक त्यांना सोसवेना. बारक्याचं हिरावून घेतलेलं कौतुक होतं ते.

"मनोरा मी काढला," ते म्हणाले.

तिनं ताट बाजूला सारलं.

"त्यानं केला होता. पोलादात होता. मी काढला."

"त्याला ठाऊक आहे?"

"आहे."

"आणि इतके दिवस तो गप्प बसला?"

"तुला सांगू नका म्हणाला."

ती उठली, हात धुतले, चपला घातल्या आणि निघून गेली. शिव्या घातल्या असत्या, भांडं फेकलं असतं, तर बरं झालं असतं. त्यांच्यावर रागवायलासुद्धा ती थांबली नव्हती. तिला आधी भावाकडे पोचायचं होतं.

दिवेलागणीला ती परत आली. डोळे सुजलेले होते. दारातूनच म्हणाली, "उद्या अण्णांकडे जायचं. एकट्यानं. मी काही सांगणार नाही, तोही नाही. तुमच्या तोंडानं सांगायचं."

दाजी पूल चालत ओलांडून गेले. अण्णा अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. शेजारची दोन म्हातारी माणसं होती. दाजींनी उभ्यानंच सांगून टाकलं. सजवलं नाही, पोराच्या जिवाची ढाल पुढं केली नाही. "मला बघवलं नाही, अण्णा," म्हणाले. "इतकं चांगलं होतं."

शेजारच्या दोघांपैकी एकजण तटकन उठून उभा राहिला. अण्णांनी हातानं त्याला बसवलं. ते काठीच्या मुठीवर अंगठा घाशीत राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "म्हणजे मनोरा होता."

"होता."

"तुम्ही पाहिलात."

"भिंगातून. नीट."

"आम्ही कुणीच पाहिला नाही हो," म्हातारा म्हणाला. "तुम्ही नि माझा पोरगा, दोघांनीच पाहिला. बसा. कसा होता ते सांगा."

दाजी पायरीवर बसले. आयुष्यात त्यांनी बारक्याच्या कामाबद्दल "ठीक आहे" यापलीकडे कधी तोंड उघडलं नव्हतं.

"टोक कसं होतं?" अण्णांनी विचारलं.

"निमुळतं. अगदी वर किंचित वाकडं. मला आधी वाटलं, हात हलला असेल."

"वाकडंच होतं ते! वादळात वाकलं होतं. आणि घड्याळ?"

"तबकडी होती. पण काटा एकच. दुसरा कोरायचा राहिला असेल."

तिघेही म्हातारे एकमेकांकडे पाहून हसायला लागले. हसता हसता अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "राहिला नाही, जावईबापू. मोठा काटा गळून पडला होता. आम्ही लहान असल्यापासून एकाच काट्यावर शाळा भरायची. तो तर तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. त्याच्या लक्षात राहिलं!" मग शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "जा रे, पोराला निरोप धाड. म्हणावं, जेवायला ये. बाप चुकला."

शेजारी गेला, आणि जाता जाता त्यानं दारोदार सांगितलं असावं, कारण अंगणात एकेक माणूस येऊन बसू लागलं. समारंभात मेजावर पदक ठेवणाऱ्या त्या बाईही आल्या. कुणी दाजींकडे रागानं पाहत होतं, कुणी पाहतच नव्हतं. पण सगळे ऐकायला बसले होते.

"सज्जा होता का?" बाईंनी विचारलं.

"होता," दाजी म्हणाले. पोटातलं जुनं दुखणं अजून तिथंच होतं, तसूभरही हललं नव्हतं, आणि त्या दुखण्यानंच त्यांना प्रत्येक रेघ लख्ख आठवत होती. "केसाएवढा बारीक. कठडासुद्धा कोरला होता त्यानं. मला नसता जमला. थांबा, पायापासून सांगतो."

आणि त्यांनी पायापासून सांगायला सुरुवात केली.